फॉसेट यांची उमेदवारी

केवळ दृष्टी नाही एवढ्याच कारणावरून कोणाही उमेदवारास न्यायसेवेच्या निवडीपासून दूर ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला. अंध व अल्पदृष्टी उमेदवारांना मज्जाव करणारा मध्य प्रदेशच्या न्यायसेवेतील नियमही न्यायालयाने त्याच वेळी रद्द ठरविला. या निर्णयाचे स्वागत करणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या मनात एक शंका रेंगाळली असेल. हा न्यायाधीश पुढ्यात आलेले कागद वाचणार कसा, साक्षीदाराचा चेहरा पाहणार कसा, आणि भर न्यायालयात कोणी गोंधळ घातला तर आवरणार कसा? शंका प्रामाणिक आहे, पण ती नवी नाही. सुमारे १६० वर्षांपूर्वी इंग्लंडात एका तरुणाला हीच शंका पुनःपुन्हा ऐकावी लागली. कधी ती मतदारांनी काढली, कधी विद्यापीठातील पंडितांनी, आणि अखेरीस बहुधा खुद्द पंतप्रधानांनीही. त्या तरुणाचे नाव हेन्री फॉसेट. १८७० नंतरच्या काळात हे नाव आपल्याकडील सुशिक्षितांच्या चांगल्याच परिचयाचे होते. ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानचा सभासद म्हणून ज्याला ओळखले जाई, तोच हा गृहस्थ.

फॉसेट यांचा जन्म २६ ऑगस्ट १८३३ रोजी सॅलिसबरी येथे झाला. वडील कापडाचे व्यापारी; एकदा गावचे नगराध्यक्षही झाले होते. घर सुखवस्तू, पण सरदारी थाटाचे नव्हे. मुलगा उंच, दांडगट आणि गणितात हुशार निघाला. केंब्रिजमध्ये १८५६ च्या गणिताच्या परीक्षेत तो सातवा आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रिनिटी हॉल महाविद्यालयाचा फेलो झाला. वकिली करावी, तीत नाव आणि पैसा मिळवून संसदेत जावे, असा त्याचा बेत ठरलेला होता. लंडनमध्ये कायद्याचा अभ्यासही सुरू झाला होता. मध्यंतरी डोळ्यांवर ताण पडू लागल्याने वाचन कमी करावे लागले आणि रंगीत काचांचा चष्मा वापरावा लागला, एवढीच काय ती अडचण.

१७ सप्टेंबर १८५८ रोजी बापलेक हार्नम टेकडीवर तितरांच्या शिकारीस गेले. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता. पक्षी उडाला, वडिलांनी बार काढला. मुलगा कोठे उभा आहे हे त्यांना नीट दिसले नव्हते. बरेचसे छर्रे छातीवर अडले, परंतु दोन छर्रे चष्म्याच्या दोन्ही काचा भेदून दोन्ही डोळ्यांमागे जाऊन बसले. पंचवीस वर्षांचा तरुण त्या क्षणी कायमचा अंध झाला. आपल्या आयुष्याचा मुख्य बेत यामुळे बदलायचा नाही, असे त्याने दहा मिनिटांतच ठरविले, असे त्यांचे मित्र व चरित्रकार लेस्ली स्टीफन यांनी नमूद केले आहे. चरित्रकार स्नेही असला की अशा गोष्टींना थोडी झळाळी चढते हे खरे. पण पुढील आयुष्य पाहता तिच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र कठीण गेले. सांत्वनाची पत्रे येत, आणि त्यांतील बहुतेकांचा सूर प्रारब्धापुढे मान तुकवावी असा असे. अपवाद होता तो त्यांचे गणिताचे शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्या पत्राचा. बौद्धिक काम सोडू नये, त्यातले पुष्कळसे दृष्टीवाचूनही साधते, असे हॉपकिन्स यांनी आपल्या विद्यार्थ्याला कळविले होते. शिक्षकाच्या एका पत्राने काय होते असे कोणी म्हणेल. फॉसेट यांना मात्र ते पत्र जन्मभर विसरता आले नाही.

वकिलीचा नाद सोडून ते केंब्रिजला परतले आणि ट्रिनिटी हॉलमध्ये राहू लागले. वाचून दाखविण्यास माणूस ठेवला, अर्थशास्त्राचा अभ्यास हाती घेतला. जॉन स्टुअर्ट मिल हे त्यांचे दैवत; मिल यांचा ग्रंथ त्यांनी इतका ऐकला की तो त्यांच्या अंगवळणी पडला. डार्विनच्या नव्या सिद्धांताची टवाळी चालली असता त्याच्या तर्कपद्धतीची बाजू घेऊन त्यांनी मासिकात लेख लिहिला, आणि त्याबद्दल डार्विन यांचा स्नेह मिळविला. हे सारे चालू असता पोहणे, वल्हवणे, घोडदौड, गळ टाकून मासे पकडणे, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणे यांपैकी काहीही त्यांनी सोडले नाही. सोबतीच्या हाकेवर भरवसा ठेवून ते बर्फावरून असे भरधाव जात की सोबतीचीच छाती दडपून जाई.

पहिली खरी परीक्षा १८६० च्या अखेरीस झाली. लंडनच्या सदर्क मतदारसंघात पोटनिवडणूक होती. फॉसेट तिथे गेले. वय अवघे २७, पाठीशी ना पक्ष ना पैसा, त्यात दृष्टी नाही. सभा भरत, लोक कुतूहलाने येत, भाषण ऐकून टाळ्याही वाजवीत. पण आंधळ्या माणसाने संसदेत करायचे काय, हा प्रश्न संपेना. विधेयकांचे मसुदे आणि अहवालांचे ढीग कोण वाचणार? मतदानापूर्वीच त्यांना माघार घ्यावी लागली. तेथील सभागृहात बोलण्याची संधी हवी असेल तर सभापतीची नजर वेधावी लागते, असा वाक्प्रचार आहे. ती नजर सभापतीची असते, सभासदाची नव्हे. पण अशा वेळी हा साधा भेद कोणाच्या लक्षात येतो?

यानंतरचा प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. केंब्रिजमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद १८६३ मध्ये रिकामे झाले. निवड विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मतांनी व्हायची होती. चार उमेदवार उभे राहिले. त्यांतील मेयर हे धर्मोपदेशक आणि केंब्रिजमध्ये वजन असलेले. कोर्टनी पुढे राजकारणात नावाजले. मॅक्लाउड हे बँकिंगवरील ग्रंथांचे कर्ते. चौथे फॉसेट. त्यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. त्यांच्याविरुद्ध दोन आक्षेप होते. एक त्यांच्या जहाल राजकीय मतांचा, आणि दुसरा अंधत्वाचा. आता व्याख्यात्याला लागते काय? विषयाचे ज्ञान, विचारांची सुसंगती, ते बोलून समजावून देण्याची हातोटी. यांपैकी डोळ्यांशी निगडित असे काहीच नाही, आणि जे उरते, म्हणजे वाचन, त्याची सोय फॉसेट यांनी पाच वर्षांपूर्वीच लावलेली होती. २७ नोव्हेंबरच्या सुमारास मते मोजली गेली. फॉसेट ९०, मेयर ८०, कोर्टनी १९, मॅक्लाउड १४. दहा मतांनी फॉसेट प्राध्यापक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २१ वर्षे, त्या पदावर राहिले. (गंमत अशी की, ज्यांच्या हातून हे पद निसटले त्या कोर्टनी यांचीही दृष्टी उतारवयात अधू झाली.)

सदर्कने त्यांना नाकारले आणि केंब्रिजने निवडले. दोन्हीकडे उमेदवार तोच, अंधत्व तेच. केंब्रिजचे लोक अधिक उदार होते असे म्हणावे, तर त्याच विद्यापीठाने त्यांच्या राजकीय मतांना नाके मुरडली होती. फरक एवढाच होता की केंब्रिजमधील मतदारांपैकी पुष्कळांनी पाच वर्षे त्यांना रोज पाहिले होते. ते जेवणाच्या टेबलाशी वाद घालताना, आकडे तोंडपाठ सांगताना, एकदा ऐकलेला आवाज वर्षभरानंतर ओळखताना लोकांनी अनुभवले होते. हा माणूस हे काम कसे करील याची कल्पना करीत बसण्याची त्यांना गरज नव्हती. सदर्कच्या मतदारांपाशी मात्र स्वतःच्या कल्पनेवाचून दुसरे काही नव्हते. आणि डोळे मिटून आपण दोन पावलेही टाकू शकत नाही, तर हा कारभार काय चालविणार, असेच डोळस माणसाची कल्पना त्याला सांगते.

नोकरीसाठी होणारी मुलाखत ही नेहमीच सदर्कची सभा असते. टेबलापलीकडे चार अनोळखी माणसे, हाती वीस मिनिटे. अपंग उमेदवार आत आला की मंडळातील सज्जन माणसांचीही गडबड उडते. त्यांतले कोणी हे केव्हा झाले, कशाने झाले, उपचार केले काय, असे विचारतात. कोणी घरी कोण असते, इथपर्यंत कोणी आणून सोडले, अशी चौकशी करतात. कोणी काहीच विचारत नाही. उमेदवाराचे कौतुक करून, त्याला चहा पाजून, निर्णय मात्र मनाशी करून टाकतो. शिक्षकाच्या जागेसाठी आलेल्याला फळ्यावर कसे लिहिणार आणि वर्ग कसा आवरणार हे विचारले जाते. डोळस शिक्षकांचे वर्ग सदैव शांत असतात असा अनुभव कोणत्याही मुख्याध्यापकाचा नसेल, तरीही डोळस उमेदवाराला तो प्रश्न क्वचितच पडतो. वस्तुतः प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. या पदावर अमुक इतकी कामे करावी लागतात, ती आपण कशा रीतीने कराल, त्यासाठी कोणती सोय लागेल, हा प्रश्न चारही उमेदवारांना एकाच शब्दांत विचारता येतो. अंध उमेदवाराच्या तोंडून त्याचे जे उत्तर येईल ते ऐकले की मंडळाला सदर्कमधून केंब्रिजला जाता येते. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्याने तर नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराच्या प्रकृतीविषयी वा अपंगत्वाविषयी चौकशी करण्यास, काही ठरावीक कारणे सोडता, बंदीच घातली आहे.

फॉसेट यांची संसदेची वाट सरळ नव्हती. १८६३ मध्ये केंब्रिज शहरातून आणि १८६४ मध्ये ब्रायटनमधून ते पराभूत झाले. त्याच ब्रायटनने पुढच्या वर्षी त्यांना निवडून दिले; या वेळी तेथील मतदारांनी त्यांना वर्षभर ऐकलेले होते. १८६७ मध्ये त्यांचा विवाह मिलिसेंट गॅरेट यांच्याशी झाला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या त्या पुढे अग्रणी झाल्या. एकमेकांचे काम आपले मानणारे असे दांपत्य त्या काळी विरळाच.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आला तो एका नाचाच्या बिलावरून. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात नृत्यसमारंभ झाला, आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. लंडनमधील मेजवानीचे पैसे हिंदी रयतेने का द्यावे, असा रोकडा प्रश्न फॉसेट यांनी केला. पुढे ॲबिसिनियाच्या मोहिमेचा भुर्दंड, राजपुत्रांच्या दौऱ्यांचा खर्च, अफगाण युद्धाचा बोजा असे एकेक प्रकरण त्यांनी उकरून काढले. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकाच्या दिवशी सभागृह ओस पडे. त्या रिकाम्या बाकांपुढे हा अंध सभासद कागदाच्या चिटोऱ्यावाचून, लक्षावधी पौंडांचे आकडे स्मरणातून मांडीत तास तासभर बोले. त्यांच्याच आग्रहामुळे हिंदुस्थानच्या अर्थव्यवस्थेच्या चौकशीसाठी १८७१ मध्ये संसदेची समिती नेमली गेली. दादाभाई नौरोजी यांनी १८७३ मध्ये याच समितीपुढे साक्ष दिली. १८७४ मध्ये ब्रायटनची जागा गेली, तेव्हा हॅक्नीमधून पुन्हा उभे राहण्याच्या खर्चासाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली. ज्या मतदारांना मत नव्हते त्यांनी पाठविलेली ती वर्गणी होती.

या साऱ्या कामात आजच्या विषयाशी थेट जाऊन भिडणारी एक गोष्ट आहे. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा कागदोपत्री सर्व प्रजाजनांना खुली होती. फक्त ती लंडनमध्ये होत असे. समुद्र ओलांडण्यास धर्माची आडकाठी, प्रवासाचा खर्च हजारोंच्या घरात, आणि एवढे करून अनुत्तीर्ण झाल्यास परतीची वाट तोंड लपवून. उमेदवाराला कोणी नाही म्हणत नव्हते. परीक्षेची जागाच परस्पर नाही म्हणत होती. ही परीक्षा लंडनबरोबर कलकत्ता, मुंबई व मद्रास येथेही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव फॉसेट यांनी १८६८ मध्ये संसदेत मांडला. तो तेव्हा फलद्रूप झाला नाही. उलट १८७६ मध्ये वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणून दार आणखी अरुंद करण्यात आले. हिंदुस्थानात ही परीक्षा प्रत्यक्ष सुरू झाली ती १९२२ मध्ये, ठरावानंतर ५४ वर्षांनी.

हिंदी उमेदवारांची गाठ केवळ जागेशी नव्हती. १८६९ मध्ये जे चार हिंदी तरुण लंडनला जाऊन ही परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्याबरोबर श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी नाव आहे. वयाच्या नोंदीत तफावत आहे म्हणून या दोघांची नावे वगळण्यात आली. आपल्याकडे सोळावे लागले म्हणजे सोळा पूर्ण झाले असे नव्हे, चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत आहे, ही गोष्ट परीक्षकांच्या ध्यानी येईना. न्यायालयाचा दरवाजा ठोठावल्यानंतरच दोघांचा हक्क मान्य झाला. उमेदवार खोटा नव्हता. परीक्षकांनी आपली रीत हीच जगाची रीत धरली होती, एवढेच.

अंध फॉसेट यांना हिंदी उमेदवारांची ही कुचंबणा इतकी नेमकी कळली, यात योगायोग मानण्याचे कारण नाही. स्पर्धा खुली आहे असे म्हणायचे आणि ती अशा जागी, अशा पद्धतीने घ्यायची की काहींना तेथवर पोहोचताच येऊ नये, हा प्रकार आजही सरसकट चालतो. उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलाखत ठेवली की चाकाच्या खुर्चीवरील उमेदवार आपोआप गळतो. कर्णबधिर उमेदवाराला दूरध्वनीवरून प्रश्न विचारले की त्याचीही तीच गत होते. लेखनिक मिळण्यासाठी अर्जामागून अर्ज करण्यातच परीक्षेचा दिवस उजाडतो. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच ठरविला आहे तो यासाठी.

१८८० मध्ये उदारमतवादी पक्षाची सत्ता आली आणि ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले. फॉसेट यांचे पक्षातील स्थान आता असे होते की त्यांना डावलणे शक्य नव्हते. त्यांना पोस्टमास्टर जनरल करण्यात आले, परंतु मंत्रिमंडळाच्या अंतर्गत वर्तुळात घेतले नाही. त्यांचा स्वतंत्र बाणा हेही एक कारण असेल. ग्लॅडस्टन यांना तो पूर्वी बराच जाचला होता. पण जे कारण त्या वेळी सर्वत्र समजले गेले ते अंधत्वाचे. मंत्रिमंडळाचे गोपनीय कागद त्यांना दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावे लागणार, मग गोपनीयता उरली कोठे? मौज अशी की अवघ्या ब्रिटनची पत्रे, तारा आणि गरिबांच्या बचतीच्या ठेवी ज्या खात्याच्या ताब्यात होत्या, ते खाते याच माणसाच्या हाती निर्धास्तपणे सोपविण्यात आले होते.

खात्यात सुमारे ९० हजार माणसे होती. चिटणीस कागद मोठ्याने वाची, फॉसेट ऐकत, मध्येच थांबवून मागचा आकडा विचारीत आणि शेरा सांगत. कामाची पद्धत एवढीच. तीत जादू नव्हती. पोस्टल ऑर्डर १८८१ पासून सुरू झाल्या. पेनीची बारा तिकिटे एका कागदावर चिकटवून शिलिंग पुरा होताच बचत बँकेत खाते उघडण्याची सोय झाली. ज्याच्या हाती एका वेळी पेनीहून अधिक कधी शिल्लक राहत नसे, अशा मुलाला वा मोलकरणीलाही तीमुळे खातेदार होता आले. पार्सल टपाल १ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू झाले. तारेचा किमान दर सहा पेन्स करण्याची योजना त्यांनी आखली, ती अमलात येण्यापूर्वी ते निवर्तले. तारायंत्रावरील कर्मचाऱ्यांच्या पगाराची गाऱ्हाणी त्यांनी स्वतः ऐकली आणि वेतनश्रेणी सुधारल्या. खात्यात स्त्री कारकुनांची भरती पूर्वी शिफारशीने होई, ती १८८१ पासून खुल्या स्पर्धेने होऊ लागली. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी १८८३ मध्ये स्त्री डॉक्टरची नेमणूक झाली. लंडनमध्ये थेम्सच्या काठी त्यांच्या स्मरणार्थ जे कारंजे उभे आहे ते स्त्रियांच्या वर्गणीतून उभारलेले आहे.

फॉसेट यांचे चरित्र अपंगांपुढे आदर्श म्हणून ठेवण्याची प्रथा आहे. तीत एक धोका आहे. मनात आणले तर आंधळाही मंत्री होतो, मग तुम्हाला सवलती कशाला, असा अर्थ त्यातून काढता येतो, आणि काढलाही जातो. फॉसेट यांची जिद्द असामान्य होतीच. पण अपघातापूर्वीच त्यांचे शिक्षण पुरे झाले होते, फेलोशिपचे उत्पन्न चालू होते, वाचून दाखविणारा माणूस पदरी ठेवण्याची ऐपत होती. त्याच काळातील इतर अंधांच्या वाट्याला अनाथालयाच्या भिंती, टोपल्या विणणे आणि ब्रश बांधणे येत असे. फॉसेट यांना हे पुरते ठाऊक होते. अंधांना वेगळे काढून संस्थांत कोंडू नये, चारचौघांत राहू द्यावे, असे ते आग्रहाने सांगत, आणि अंधांना चरितार्थाचे शिक्षण देणाऱ्या नॉरवूड येथील महाविद्यालयाचे ते हिरिरीचे पुरस्कर्ते होते.

त्यांच्या विचारांची दुसरीही बाजू झाकण्याचे कारण नाही. अर्थशास्त्रात ते कट्टर व्यक्तिवादी होते. सरकारने व्यवहारात हात घालू नये ही त्यांची श्रद्धा. कारखान्यातील स्त्रियांचे कामाचे तास कायद्याने मर्यादित करण्यासही त्यांनी विरोध केला होता. भारतात १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या. ही राखीव जागांची कल्पना फॉसेट यांना बहुधा रुचली नसती. खुली स्पर्धा आणि निष्पक्ष परीक्षक एवढे पुरे, असे त्यांनी म्हटले असते. येथे त्यांच्याशी मतभेद होणे अपरिहार्य आहे. परीक्षक निष्पक्ष असला तरी त्याची कल्पनाशक्ती तोकडी असू शकते, हे स्वतः फॉसेट यांच्याच आयुष्याने दाखविले आहे.

त्याचा दाखला शोधण्यास इंग्लंडला जाण्याचीही जरूर नाही. उल्हासनगरची एक पूर्णतः दृष्टिहीन तरुणी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. रेल्वेच्या लेखासेवेसाठी तिची निवड झाली, आणि मग अंधत्वाचे कारण सांगून ती नेमणूक नाकारण्यात आली. तिने पुढच्याच वर्षी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि ती भारतीय प्रशासकीय सेवेत गेली. हिशेबाचे कागद जिला पेलणार नाहीत असे एका खात्याला वाटले, तिच्या हाती दुसऱ्या खात्याने महसूल आणि कायदा-सुव्यवस्था सोपविली.

१८८२ च्या हिवाळ्यात फॉसेट यांना घटसर्प व विषमज्वर झाला. त्यातून ते उठले, पण पहिली प्रकृती राहिली नाही. ६ नोव्हेंबर १८८४ रोजी केंब्रिजमध्ये फुप्फुसाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. वय ५१. जवळच्या ट्रम्पिंग्टन गावी त्यांचे दफन करण्यात आले. केंब्रिजमधील त्यांच्या जागेवर आल्फ्रेड मार्शल आले, आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून ते फॉसेट यांच्याहून कितीतरी मोठे ठरले.

मंत्रिमंडळाच्या खोलीचे दार मात्र बराच काळ तसेच राहिले. डेव्हिड ब्लंकेट हे जन्मांध गृहस्थ १९९७ मध्ये शिक्षण व रोजगार मंत्री म्हणून त्या खोलीत जाऊन बसले. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात पोहोचलेले ते पहिले अंध मंत्री. त्यांचे कागद ब्रेलमध्ये उतरविले जात, ध्वनिफितीवर वाचले जात. २००१ मध्ये त्यांच्याकडे गृहखाते देण्यात आले. देशांतर्गत गुप्तचर विभाग याच खात्याच्या अखत्यारीत येतो, आणि संशयितांचे दूरध्वनी ऐकण्याच्या परवान्यांवर याच मंत्र्याची सही लागते. ते कागदही त्यांना वाचून दाखविण्यात आले.